टेबलावरचा हंगाम

फासे टाकून बेसबॉलची अख्खी लीग घरी, एकट्याने खेळणे हा अमेरिकेतला जुना छंद आहे. त्याला सामान थोडके लागते: खेळाडूंची कार्डे, दोन-तीन फासे, निकालांचे तक्ते, स्कोअरशीट आणि पेन्सिल. समोर प्रतिस्पर्धी नसतो. दोन्ही संघांचा मॅनेजर एकच, पंचही तोच आणि आकडेवारी लिहिणारा कारकूनही तोच. फासे टाकणे हा त्यातला सोपा भाग. छंदाचा जीव वहीत असतो, आणि बाहेरच्या माणसाला ते चटकन उमगत नाही.

बेसबॉलला फासे मानवतात ते त्या खेळाच्या घडणीमुळे. एक पिचर आणि एक बॅटर यांची प्रत्येक गाठ सुटी असते आणि तिचा शेवट मोजक्या प्रकारांनीच होतो: आउट, वॉक, सिंगल, डबल, ट्रिपल, होम रन. नऊ इनिंगच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे बॅटर मिळून साधारण पाऊणशे ते ऐंशी वेळा उभे राहतात. तेवढी दाने टाकली की सामना संपला, अर्ध्या-पाऊण तासात. एकदिवसीय क्रिकेटचे सहाशे चेंडू असे फाशांवर काढायचे म्हटले तर दिवस मोडतो. मागच्या बाकावर चालणाऱ्या बुक क्रिकेटने त्यावर पळवाट काढली खरी, पण तिथे सलामीचा फलंदाज आणि अकरावा गडी दोघांनाही एकच पुस्तक. पान कोणाचेही उघडले तरी धावांची शक्यता तीच. बेसबॉलच्या या खेळांचे वैशिष्ट्य असे की ज्याचे त्याला स्वतंत्र कार्ड मिळाले, आणि त्या कार्डावर त्याची खरी कामगिरी उतरवली गेली.

ही कल्पना हळूहळू आकाराला आली. ग्रीन बेच्या क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी १९३० च्या सुमारास ‘नॅशनल पास्टाइम’ नावाचा खेळ काढला. तो फारसा खपला नाही, पण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जे. रिचर्ड साइट्झ यांना त्याची गोडी लागली. त्यांनी मित्रांबरोबर त्यावर लीग चालवली, पुढे त्यात सुधारणा केल्या आणि १९५१ मध्ये ‘ॲपबा’ या नावाने तो बाजारात आणला. दरम्यान १९४१ मध्ये ईथन ॲलन यांचा ‘ऑल-स्टार बेसबॉल’ आला होता. त्यात फासे नव्हते. प्रत्येक खेळाडूची गोल चकती आणि तिच्यावर फिरणारा काटा होता. ॲलन स्वतः मेजर लीगमध्ये खेळलेले. नंतर येल विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाचा कर्णधार होता पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थोरला जॉर्ज बुश. तिसरे नाव हॅल रिचमन यांचे. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमधल्या या मुलाने शाळकरी वयातच फाशांच्या शक्यता ताडून पाहायला सुरुवात केली आणि १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ विक्रीला काढला. आज या छंदातली बहुतेक माणसे ॲपबा किंवा स्ट्रॅट यांपैकी एका घराण्यातली असतात, आणि कोणता खरा यावर त्यांच्यात वाद चालूच असतो.

ॲपबात दोन फासे वेगवेगळ्या रंगांचे, एक मोठा आणि एक लहान असे असतात आणि ते बेरीज न करता शेजारी-शेजारी वाचतात. मोठ्यावर ५ आणि लहानावर ३ म्हणजे ५३. असे ११ ते ६६ पर्यंत ३६ आकडे होतात आणि सगळ्यांची शक्यता सारखी. बॅटरच्या कार्डावर या प्रत्येकापुढे दुसरा एक क्रमांक छापलेला असतो. तो घेऊन तक्ता पाहायचा. कोणत्या बेसवर धावपटू आहेत त्यानुसार तक्ते आठ. १ म्हणजे होम रन, १३ म्हणजे स्ट्राइकआउट, १४ म्हणजे वॉक. मुरलेल्या खेळाडूला तक्ता उघडावाही लागत नाही. पिचरला अ, ब, क, ड अशी श्रेणी असते आणि ७, ८, ९ यांसारखे काही क्रमांक त्या श्रेणीप्रमाणे कधी हिट ठरतात, कधी आउट.

स्ट्रॅटची रचना वेगळी आणि हिशेबाच्या दृष्टीने अधिक उघडी आहे. तीन फासे एकदम टाकायचे. त्यांतला वेगळ्या रंगाचा फासा रकाना सांगतो: १, २, ३ आले तर बॅटरच्या कार्डावरचा, ४, ५, ६ आले तर पिचरच्या. उरलेल्या दोघांची बेरीज, २ ते १२, त्या रकान्यातली ओळ दाखवते. म्हणजे निम्म्या वेळा निकाल बॅटरच्या कार्डावर, निम्म्या वेळा पिचरच्या. एकूण शक्यता २१६. दोघांच्या वाट्याला १०८ आणि १०८. बेरजा मात्र सारख्या पडत नाहीत. ७ ही बेरीज ३६ पैकी ६ वेळा येते, २ आणि १२ एकेकदाच. त्यामुळे नवे कार्ड हातात आले की जाणता खेळाडू नाव वाचून झाल्याबरोबर आधी ६, ७, ८ या ओळी पाहतो. कार्डाची ताकद तिथे कळते.

कार्ड कसे बनते ते बेब रूथच्या उदाहरणावरून ध्यानात येते. १९२७ मध्ये त्याने ६० होम रन मारले. अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. त्या मोसमात तो ६९१ वेळा बॅट घेऊन उभा राहिला. २१६ च्या मापात हे प्रमाण सुमारे १९ भरते. पण यातल्या निम्म्या शक्यता पिचरच्या कार्डावर आहेत, आणि त्या काळी होम रन इतके दुर्मीळ की सरासरी पिचरच्या १०८ शक्यतांत होम रनची जेमतेम एक निघते. उरलेल्या अठराएक रूथच्या स्वतःच्या कार्डावर बसवल्या तरच वर्षअखेर बेरीज साठाच्या आसपास जाईल. पिचरचा वाटा वजा करून राहिलेले बॅटरच्या पदरात घालायचे, हे कार्ड बनवण्याचे मूळ गणित. अपूर्णांक उरले तर ती ओळ दोन निकालांत विभागतात आणि वीस बाजूंचा चौथा फासा त्यांचा निवाडा करतो.

एक दान जवळून पाहण्याजोगे आहे. आठवी इनिंग, दोन आउट, धावपटू दुसऱ्या बेसवर. रंगीत फासा ५ दाखवतो, म्हणजे पिचरचे कार्ड. बाकी दोघांची बेरीज ९. त्या ओळीत शॉर्टस्टॉपकडे जाणारा जमिनीवरचा चेंडू आणि पुढे फुली आहे. फुली म्हणजे निकाल अजून ठरलेला नाही; आता क्षेत्ररक्षकाची परीक्षा. शॉर्टस्टॉपच्या कार्डावर त्याचा आवाका १ ते ५ या श्रेणीत दिलेला असतो. १ उत्तम, ५ सुमार. वीस बाजूंचा फासा पडतो आणि क्षेत्ररक्षणाच्या तक्त्यात त्या आकड्यापुढे १ वाल्याला आउट लिहिलेले असते, तर ५ वाल्याला सिंगल. चुकीसाठी आणखी एकदा फासे टाकायचे ते वेगळेच. खेळणाऱ्याने हा शॉर्टस्टॉप सकाळी संघ लिहिताना निवडलेला असतो, कदाचित त्याची बॅट बरी म्हणून. त्या निवडीची किंमत आठव्या इनिंगमध्ये अशी वसूल होते. मॅनेजर म्हणून फार थोडे हातात असते, पण जे असते ते असे उशिरा आणि नेमके अंगाशी येते.

लीग उभी करताना पहिला प्रश्न किती मोठी करायची हा. १९२७ च्या अमेरिकन लीगमध्ये आठ संघ होते आणि प्रत्येकाला १५४ सामने. सगळे खेळायचे तर ६१६ सामने होतात. सामन्याला अर्धा तास धरला तरी तीनशेहून अधिक तास. आजच्या ३० संघांची, १६२ सामन्यांची लीग जशीच्या तशी खेळायची म्हटली तर आकडा २,४३० वर जातो आणि एकट्या माणसाला त्यात वर्षे जातात. म्हणून शहाणी माणसे एकाच संघाचे वेळापत्रक घेतात, किंवा आठ संघांना प्रत्येकी चाळीस-पन्नास सामने देतात. अर्धवट सोडलेल्या लीगच्या वह्या या छंदात पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्तच असाव्यात.

दुसरा प्रश्न राखीव खेळाडूंचा आहे, आणि नवखा तिथेच फसतो. खऱ्या मोसमात ३० वेळा बॅट धरून १२ हिट मारणाऱ्याची सरासरी .४०० होते आणि कार्डही तसेच छापले जाते. त्याला रोज खेळवले तर तो टेबलावर टेड विल्यम्सच्या पंक्तीला जाऊन बसतो. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये .४०६ काढली ती ४५६ ॲट-बॅटमध्ये. तीस संधींची चारशे आणि साडेचारशे संधींची चारशे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यामुळे बहुतेक जण नियम करतात की खऱ्या मोसमात जेवढ्या संधी मिळाल्या, त्यापेक्षा फार जास्त कोणालाही द्यायच्या नाहीत. पिचरच्या विश्रांतीचे दिवसही असेच मोजले जातात. हे न पाळणारी लीग आठवड्याभरात हास्यास्पद होते.

एकट्याने खेळण्याची खरी अडचण म्हणजे स्वतःपासून काही लपवता येत नाही. धावपटूला बेस चोरायला पाठवायचे आहे हे एका मॅनेजरला ठाऊक, तर दुसऱ्यालाही ठाऊक, कारण डोके एकच. त्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंसाठी आधीच लेखी धोरण ठरवतात: धावपटूची चोरीची श्रेणी इतकी असेल आणि आघाडी दोन धावांहून कमी असेल तर पाठवायचा, नाही तर नाही. काही जण निर्णयासाठी वेगळा फासा ठेवतात. आवडत्या संघाला झुकते माप मिळू नये म्हणून त्याचे निर्णय मुद्दाम अशा यंत्रवत नियमांवर सोपवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. फासा टेबलाखाली गेला, किंवा वहीला टेकून तिरका राहिला तर दान मोजायचे की नाही, हेही लीग सुरू होण्याआधीच लिहून ठेवावे लागते. दान पडल्यावर केलेला नियम हा नियम नसतो.

नोंदीची भाषा बेसबॉलची जुनीच आहे. जागांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेसमन ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे मैदानातले तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने सेकंडला आणि त्याने फर्स्टला चेंडू दिला व दोघे बाद झाले, तर चौकटीत ६-४-३ लिहायचे. सामना संपला की बॉक्स स्कोअर काढतात आणि त्याचा ताळा पाहतात. एका संघाचे जेवढे बॅटर उभे राहिले ती संख्या, त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले धावपटू आणि प्रतिस्पर्ध्याने केलेले आउट यांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. एकाचाही फरक पडला तर कुठे तरी वॉक लिहायचा राहिला आहे किंवा धावपटू हवेत विरला आहे. मग इनिंगमागून इनिंग तपासत जायचे. ताळा जुळला की आकडे मोठ्या वहीत चढतात: ॲट-बॅट, हिट, होम रन, पिचरच्या इनिंग आणि धावा. सरासरी काढायला आज कॉम्प्युटर आहे. तरी हाताने भागाकार करणारे अजून भेटतात आणि त्यांना घाई नसते.

वही भरत जाते तसे दैवाचे माप दिसू लागते. रूथचे कार्ड अचूक असले तरी ६९१ दानांत होम रन नेमके साठ पडतील असे नाही. हिशेब सांगतो की तीनपैकी दोन हंगामांत ते ५३ ते ६७ यांच्या दरम्यान असतील. एखाद्या हंगामात ४५ पडले तरी फासे खोटे ठरत नाहीत. अगदी बरोबरीच्या ताकदीचा संघ १६२ सामन्यांत ८१ जिंकायला हवा, पण नुसत्या योगायोगाने तो ७५ वर किंवा ८७ वर जाऊन थांबणे ही नेहमीची गोष्ट आहे. हाच चढउतार खऱ्या मैदानावरच्या मोसमातही असतो; तिथे मात्र वर्तमानपत्रे त्याला जिद्द किंवा मानसिक कमकुवतपणा म्हणतात. टेबलावर बारा सामने लागोपाठ हरलेल्या संघाला मानसिकता नसते, हे ध्यानात ठेवले की खऱ्या खेळाबद्दलची पुष्कळ विधाने पातळ वाटू लागतात.

सगळेच खऱ्या खेळाडूंची कार्डे वापरत नाहीत. लेखक जॅक केरुअॅक याने लहानपणापासून स्वतःची काल्पनिक बेसबॉल लीग चालवली. त्याच्या संघांना मोटारींची नावे होती, सामन्यांच्या बातम्या तोच लिहीत असे आणि ती कागदपत्रे आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या कादंबरीचा नायक हेन्री वॉ हा व्यवसायाने हिशेबनीस. तो तीन फाशांवर स्वतः रचलेली लीग चालवतो. त्याचा लाडका तरुण पिचर एका दुर्मीळ दानामुळे मैदानातच मरतो, आणि नंतर सूडापोटी हेन्री फासे हाताने मांडून ठेवतो. या छंदातली माणसे त्या प्रसंगावर फार गंभीरपणे बोलतात. कारण उघड आहे: पुन्हा एकदा फासे टाकण्याचा मोह सगळ्यांना ठाऊक असतो, आणि पाहणारे कोणी नसते.

साखळी सामने आटोपले की वर्ल्ड सिरीज राहते, सातांत चार जिंकण्याची. १९२७ मध्ये यांकीजनी ११० सामने जिंकून पिट्सबर्गला ४-० ने धुतले होते. टेबलावर तेच यांकीज सातव्या सामन्यापर्यंत रखडतात, किंवा लीगमध्येच दुसरे येतात. यातले काहीही घडले तरी अखेरचा तक्ता शाईने लिहिला जातो, खऱ्या मोसमाचे आकडे शेजारच्या रकान्यात उतरवतात, आणि कार्डे संघवार रबरबँडात बांधून पेटीत जातात.