एका मोटारीचे दोन डॅशबोर्ड

घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढे एक फळी लावीत. तिचे नाव डॅशबोर्ड. पुढे मोटार आली, चिखलाचा संबंध सुटला, परंतु चालकासमोरील, वेगमापक वगैरे बसविलेल्या पट्टीला तेच नाव राहिले.

इंग्लंडातील ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ‘एम. जी. बी.’ ही दोन आसनांची हौशी मोटार तयार होत असे. बंद टपाचा प्रकार धरून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तिचा आरंभीचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा होता. त्यावर सुरकुत्या पडल्यासारखा दिसणारा काळा रंग, चालकासमोर दोन मोठ्या तबकड्या, आणि शेजारच्या आसनापुढे ‘ग्लव्हबॉक्स’ म्हणतात तो लहानसा खण. रूप मोठे देखणे; मात्र अपघाताच्या वेळी कपाळाची गाठ पडावयाची ती याच पत्र्याशी.

मोटार आदळल्यानंतर आतील माणूस मोटारीवर आदळतो, आणि पुष्कळदा या दुसऱ्या आघातानेच जीव जातो, हे राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेपुढे मांडले. १९६६ साली तेथे कायदा झाला व त्याखालील अनेक नियम १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. ॲबिंग्डनच्या कारखान्यास अमेरिकेचे गिऱ्हाईक सोडणे शक्यच नव्हते. त्याने तिकडच्या गाड्यांस जाड, मऊ अस्तराचा फुगीर डॅशबोर्ड बसविला. त्यात खण नाहीसा झाला. शौकिनांनी त्याला ‘ॲबिंग्डनची उशी’ असे थट्टेचे नाव दिले. १९७२ च्या नमुन्यात खण परत आला, अस्तर राहिलेच. खुद्द इंग्लंडात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मात्र पत्रा १९७६ पर्यंत टिकला. म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेल्या दोन गाड्यांतील माणसांच्या कपाळांस निरनिराळे संरक्षण होते!

उन्हाने ही उशी तडकते. मग जुन्या गाड्यांचे काही हौशी मालक ती काढून आधीचा पत्रा बसवितात. गाडी सुरेख दिसू लागते यात शंका नाही; पण तिचे वय खोटे ठरते आणि कपाळासमोर पुन्हा पोलाद येते. याला जीर्णोद्धार म्हणणे कठीण आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून सांगाड्यावरील क्रमांक आधी वाचावा. १९७० च्या नमुन्यापासून अमेरिकेच्या गाड्यांवर ‘यू’ हे अक्षर असते व त्यापुढचे अक्षर वर्ष सांगते: ‘ए’ म्हणजे १९७०, ‘बी’ म्हणजे १९७१, ‘सी’ म्हणजे १९७२. ‘यू बी’ असलेल्या गाडीत बिनखणाची उशीच असावयास हवी; तेथे पत्रा दिसला तर तो मागाहून बसविलेला आहे.