विसराळू संगणक

शाळा भरण्यापूर्वीं शिपाई दारें उघडतो, घड्याळ पाहतो आणि मगच घंटा देतो. टेबलावरच्या संगणकांतहि असा एक शिपाई असतो. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्यापूर्वीं तो यंत्राचीं अंगें तपासतो, वेळ सांगतो आणि कोणत्या डिस्कवरून आरंभ करावयाचा तें ठरवितो. त्याला फर्मवेअर म्हणतात. बायॉस हें त्याचें जुनें व रुळलेलें नांव.

हा शिपाई एखाद्या सकाळीं सर्व विसरून बसला तर काय होतें? पडद्यावर कित्येक वर्षांपूर्वींची १ जानेवारी दिसूं लागते. बँकेचें संकेतस्थळ उघडत नाहीं. कारण त्याच्या प्रमाणपत्राला मुदत असते, व यंत्राची तारीख त्या मुदतीबाहेर गेलेली असते. क्वचित् डिस्क सांपडत नसल्याचा संदेश येतो आणि मुलांचे फोटो, हिशेब, पत्रें सर्व गेलें अशी घरांत समजूत होते. अशा घाईंत कोणी डिस्क पुसून नव्यानें भरण्याचा सल्ला दिला, तर जें गेलें नव्हतें तेंहि जातें. म्हणून या विसराळूपणाचें मूळ समजून घेणें अगत्याचें आहे.

१९८४ सालीं आय. बी. एम. कंपनीनें ‘पीसी एटी’ हा संगणक बाजारांत आणला. त्यांतील मोटोरोला कंपनीच्या एका चिपमध्यें घड्याळ व अवघ्या ६४ बाइटांची स्मृति हीं एकत्र होतीं. यंत्र बंद असतां त्यांना जागतें ठेवण्याचें काम एका बॅटरीकडे होतें. चिप सीमॉस पद्धतीची असल्यामुळें तिला वीज अत्यल्प लागे. आजच्या पुष्कळ यंत्रांत बहुतेक सेटिंग्ज विजेवांचून टिकणाऱ्या फ्लॅश चिपमध्यें राहतात. परंतु घड्याळाचें तसें नाहीं. त्यांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो, आणि त्याला अखंड वीज लागते.

ती वीज मदरबोर्डावरील नाण्यासारख्या बॅटरींतून मिळते. बहुधा ती ‘सीआर २०३२’ असते. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तिचा दाब ३ व्होल्ट. भिंतीवरचें बटण चालू असेपर्यंत घड्याळाचा भार पॉवर सप्लाय उचलतो. पण रोज रात्रीं बटण बंद करण्याची संवय घरोघर असते. तेवढा वेळ सर्व भार बॅटरीवर पडतो आणि कांहीं वर्षांनीं ती थकते.

यावरूनच परीक्षा सुचते. वेळ बरोबर लावून एका रात्रीं संगणक बंद करावा, पण भिंतीवरचें बटण चालू ठेवावें. दुसऱ्या रात्रीं तेंहि बंद करावें. पहिल्या सकाळीं वेळ बरोबर व दुसऱ्या सकाळीं चुकलेली आढळली, तर दोष बॅटरीचा समजावा. मल्टीमीटर असल्यास दाब पाहावा. नवी बॅटरी तीन व्होल्टांहून किंचित् अधिक दाखविते, अडीचच्या आसपास उतरलेली बदलावीच. नवी घालूनहि विसर पडत असेल, तर तिच्या खोबणीची पकड सैल आहे काय, किंवा सेटिंग्ज पुसण्याचा जंपर चुकीच्या जागीं राहिला आहे काय, तें पाहावें.

वेळ बरोबर असून केवळ सेटिंग्ज जात असतील, तर बॅटरीला दोष देऊं नये. बाहेर पडतांना बदल जतन केले नसतील, किंवा मेमरी झेपेल त्याहून अधिक वेगानें चालविल्यामुळें आरंभ फसून बोर्ड स्वतःच मूळ सेटिंग्जवर परतत असेल. आणि वेळ नेमकी साडेपांच तासांनीं चुकत असेल, तर त्या संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही नांदत आहेत काय, हें विचारावें. एक घड्याळांत भारतीय वेळ धरते, दुसरी जागतिक. यंत्र निर्दोष असतें.

बॅटरी बदलण्यापूर्वीं सेटिंग्जच्या पडद्याचे फोटो घ्यावे. डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशीं ठेवावी. मग वायर काढावी, पॉवरचें बटण क्षणभर दाबून उरलेली वीज जाऊं द्यावी, आणि पेटीच्या धातूला हात लावून मगच बॅटरीकडे वळावें. बोर्डावर आडव्या बसणाऱ्या बॅटरीची अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी. नंतर तारीख, डिस्कचा क्रम व डिस्क चालविण्याची पद्धत पूर्ववत् लावून जतन करावें. ‘हरवलेली’ डिस्क बहुतेक वेळां येथेंच सांपडते.

एक सूचना मात्र विसरूं नये. काढलेली बॅटरी टेबलावर ठेवूं नये. लहान मुलानें ती गिळली तर दोन तासांतहि अन्ननलिका भाजून निघते. तेव्हां क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. तिला दोन्ही बाजूंनीं चिकटपट्टी लावावी आणि ई-कचऱ्यांत द्यावी. संगणकाची स्मृति परत आणतां येते; घरांतील मुलाला झालेली इजा तशी सहज भरून येत नाहीं.