वनौषधींवर घाणेरीचे आक्रमण आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात भगवान पुनर्वसु आत्रेय गंगातीरी विहार करीत असता अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. हा उपदेश आज आपल्या गावाबाहेरच्या डोंगरावर पडताळून पाहण्याची वेळ आली आहे.

आमच्या चिकित्सालयास शतावरीची मुळे पुरविणारे एक वृद्ध संग्राहक गेल्या हंगामात रिकाम्या हाताने आले. "डॉक्टरसाहेब, रान तेच आहे, पण आत शिरायला वाट नाही. सगळी टणटणी," एवढेच ते म्हणाले.

टणटणी म्हणजे घाणेरी. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली. पक्षी तिची फळे खाऊन बीजप्रसार करतात आणि तिच्या दाट जाळीखाली स्थानिक रोपे प्रकाशाअभावी खुंटतात. गाजरगवताची नोंद तर १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. त्याच्या संपर्काने उद्भवणारे त्वग्विकार आपण चिकित्सालयात पाहतोच.

घाणेरी केवळ कोयत्याने छाटल्यास बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीत जमिनीच्या किंचित खाली मुख्य मूळ तोडून झुडूप उलटे ठेवतात, जेणेकरून ते पुन्हा रुजत नाही. मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत व वृक्ष लावावे लागतात आणि पुढील काही वर्षे नवी रोपे उपटावी लागतात. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे.

हे एकट्याचे काम नव्हे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. समिती, ग्रामस्थ व विद्यार्थी यांच्यासह वैद्यांनीही श्रमदानात उतरावे. घाणेरीच्या जाळीत दडलेली शतावरी, गुळवेल वा कळलावी सरसकट तोडली जाऊ नये, यासाठी वनस्पती ओळखणारी दृष्टी तेथे हवी. आणि ती आपणाजवळ आहे. औषधनिर्मात्यांनी संग्राहकांना त्या दिवसांची मजुरी द्यावी. कारण उद्याचा कच्चा माल त्याच रानातून यावयाचा आहे.

निदान व चिकित्सा आपण रोज करतो. येत्या पावसाळ्यात निदान एका टेकडीची चिकित्सा प्रत्येक शाखेने हाती घ्यावी, ही नम्र विनंती.