छेदरेषेच्या आत

विमान आणि कागद : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण एकाच वस्तूकडे तीन बाजूंनी पाहिलं : समोरून, वरून आणि कडेने. आपल्याकडे आयटीआयला आणि डिप्लोमाला फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, अमेरिकी विमानांची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतात. म्हणून कागद हातात आला की आधी कापलेल्या शंकूचं ते छोटं चिन्ह शोधायचं, हेही पाहिलं. आता पुढचा प्रश्न. तिन्ही बाजू पाहून झाल्या, सगळी मापं वाचून झाली. मग वस्तू पूर्ण कळली का?

करंजी समोरून पाहा, वरून पाहा, उलटी करून पाहा. सारण ओल्या नारळाचं आहे की सुक्या खोबऱ्याचं, काठोकाठ भरलं आहे की आत नुसती पोकळी, हे कुठल्याही बाजूने कळत नाही. करंजी मोडावी लागते. विमानाचा भाग असा मोडून पाहता येत नाही, म्हणून तो कागदावर मोडतात. त्या मोडण्याला छेद म्हणतात. हँगरमध्ये ‘सेक्शन’ हाच शब्द चालतो. आजचा लेखांक या एका दृश्यासाठी आहे, कारण विमानाच्या दुरुस्तीत काही गोष्टी फक्त तिथेच दिसतात.

तीन ओळी रिव्हेट

२ जून १९७८ रोजी जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानाची शेपटी ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना धावपट्टीला घासली. आतल्या मागच्या प्रेशर बल्कहेडला इजा झाली. प्रवासी बसतात त्या भागात हवा दाबून भरलेली असते, त्यामागच्या शेपटीच्या पोकळीत ती नसते. या दोहोंच्या मधली भिंत म्हणजे हा बल्कहेड. तो सपाट नसतो. मोठी छत्री उघडून आडवी धरावी तसा घुमटाकार असतो, पातळ पत्र्यांचा आणि त्यांना आधार देणाऱ्या काड्यांचा. विमान वर गेलं की हवेचा दाब त्याला मागे रेटतो, खाली आलं की तो सैलावतो. प्रत्येक उड्डाणाला एक ताण आणि एक ढील.

दुरुस्ती बोइंगच्या पथकाने केली. घुमटाचा खालचा अर्धा भाग काढून नवा बसवला आणि जुन्या वरच्या अर्ध्याला रिव्हेटने जोडला. जोडताना काही ठिकाणी असं दिसलं की रिव्हेटच्या भोकापासून पत्र्याच्या कडेपर्यंत पुरेसं अंतर उरत नाही. या अंतराला एज डिस्टन्स म्हणतात. साधा ढोबळ नियम असा की भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट जागा हवी. एक अष्टमांश इंचाचा रिव्हेट असेल तर पाव इंच. त्याहून कमी जागा उरली तर ओढ बसताच पत्रा कडेकडे फाटू शकतो.

म्हणून तेवढ्या भागासाठी उपाय ठरला : वरचा पत्रा आणि खालचा पत्रा यांच्यामध्ये एक सलग जोडपट्टी घालायची आणि तिघांना तीन ओळी रिव्हेटने बांधायचं. प्रत्यक्षात जोडपट्टी सलग बसली नाही. ती दोन तुकड्यांत बसली. एका तुकड्यातून दोन ओळी गेल्या, दुसऱ्यातून एक.

आता हे जोडकाम समोरून कसं दिसत असेल, ते डोळ्यांपुढे आणा. वर पत्रा, खाली पत्रा, मध्ये रिव्हेटच्या तीन ओळी. पट्टी सलग असती तरी तीनच ओळी दिसल्या असत्या आणि दोन तुकडे असतानाही तीनच दिसत होत्या. रिव्हेट मोजले तर संख्या बरोबर. अंतरं मोजली तर अंतरं बरोबर. फरक होता तो दोन पत्र्यांच्या मध्ये, जिथे एकदा रिव्हेट ठोकल्यावर नजर पोचत नाही.

विमान पुन्हा सेवेत आलं. त्यानंतर त्याने १२,००० हून अधिक उड्डाणं केली. १२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदाहून ओसाकाला जाताना त्याच जोडावर बल्कहेड फुटला. आतली हवा शेपटीत घुसली, उभा पंख तुटला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी मुख्यतः इंजिनांचा जोर कमी-जास्त करत अर्ध्या तासाहून अधिक काळ ते विमान हवेत धरून ठेवलं. शेवटी ते गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर कोसळलं. विमानात ५२४ माणसं होती. चार वाचली.

पेन्सिलीने भाराची वाट काढा

एका पट्टीचे दोन तुकडे झाले तर एवढं काय बिघडलं? हे शब्दांत सांगण्यापेक्षा काढून पाहणं सोपं. कागद घ्या आणि जोडाचा छेद काढा. छेदात पातळ पत्रा हॅचिंगच्या तिरक्या रेषांनी दाखवत नाहीत, कारण तेवढ्या जाडीत रेषा मावत नाहीत. तो भरीव काळा करतात. शेजारशेजारचे दोन पत्रे असतील तर दोहोंमध्ये बारीक पांढरी फट सोडतात, म्हणजे हे दोन वेगळे पत्रे आहेत हे कळतं. छेदाची पातळी रिव्हेटच्या अगदी मधून गेली तरी रिव्हेट कापलेला दाखवत नाहीत, अख्खाच काढतात.

वरच्या पत्र्याची काळी पट्टी वरून खाली आणा. खालच्या पत्र्याची पट्टी खालून वर न्या. मध्यावर दोन्ही थोड्या एकमेकींवर येतील. त्यांच्यामध्ये जोडपट्टी काढा, दोन्हीकडे पुरेशी लांब. आता तीन रिव्हेट काढा. वरचा रिव्हेट वरचा पत्रा आणि जोडपट्टी यांना धरतो. मधला तिघांनाही धरतो. खालचा जोडपट्टी आणि खालचा पत्रा यांना.

पेन्सिलीचं टोक वरच्या पत्र्यावर ठेवा आणि ओढ कुठून कुठे जाते ती वाट काढा. वरच्या पत्र्यातून ती वरच्या आणि मधल्या अशा दोन रिव्हेटमधून जोडपट्टीत उतरते, आणि पुढे मधल्या आणि खालच्या रिव्हेटमधून खालच्या पत्र्यात जाते. ओझं प्रत्येक ठिकाणी दोन ओळींवर वाटलं जातं.

आता त्याच आकृतीत वरच्या आणि मधल्या रिव्हेटच्या दरम्यान जोडपट्टीवर रबर फिरवून बारीकशी पांढरी फट करा. पुन्हा पेन्सिल वरून आणा. वरच्या रिव्हेटमधून तुकड्यात गेलेली ओढ पुढे जाऊच शकत नाही, वाट तिथेच संपते. सगळं ओझं मधल्या एकट्या ओळीवर येतं. वरची ओळ जागेवर आहे, रिव्हेट घट्ट आहेत, आणि तरीही ती ओळ काही काम करत नाही.

त्या फटीसाठी रबर किती फिरवावं लागलं? केसाएवढं. छेदाच्या चित्रात तेवढी एक फट म्हणजे संपूर्ण जोडाचा अर्थ बदलणं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की छेद नुसता पाहू नका, त्यातून पेन्सिल चालवा. ओढ जिथे जायला हवी तिथे सलग काळी रेघ मिळते का, ते तपासा.

छेद कुठला, कुठून पाहिलेला

मोठ्या ड्रॉइंगमध्ये छेद कुठे घेतला हे सांगणारी खूण असते : जाड, खंडित रेषा, तिच्या दोन्ही टोकांना बाण आणि बाणाशी अक्षरं. ‘ए-ए’ असं लिहिलं असेल तर त्याच कागदावर किंवा संचातल्या दुसऱ्या कागदावर ‘सेक्शन ए-ए’ शोधायचा. बाण जिकडे वळले आहेत तिकडे तोंड करून आपण उभे आहोत असं समजायचं. बाणाची दिशा उलट धरली तर विमानाची पुढची बाजू मागे जाते आणि डावं उजवं होतं. नवख्यांची सर्वांत जास्त चूक इथे होते.

मग रेषांकडे पाहायचं. जाड अखंड रेषा म्हणजे दिसणारी कड. तुटक रेषा म्हणजे मागे लपलेली कड. एक लांब, एक आखूड अशी बारीक रेषा म्हणजे मध्यरेषा. एक लांब आणि दोन आखूड असेल तर ती फँटम रेषा : शेजारचा भाग, किंवा हलणाऱ्या भागाची दुसरी जागा. समोरच्या दृश्यात लपलेल्या कडा फार झाल्या, तुटक रेषांचं जाळं झालं, की छेदाची गरज आहे असं समजावं. छेदात त्याच तुटक रेषा जाड आणि अखंड होऊन समोर येतात.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही : ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप घ्यायचं नाही. छापताना, स्क्रीनवर लहान-मोठं करताना कागदाचं प्रमाण बदलतं. लिहिलेला आकडा हेच माप. आकडा लिहिलेला नसेल तर तो शोधायचा, विचारायचा. मोजून अंदाज बांधायचा नाही.

आपल्या हातचं स्केच

आतापर्यंत दुसऱ्याने काढलेलं वाचत होतो. देखभालीत स्वतः काढायची वेळ वारंवार येते. सामान चढवणारी गाडी विमानाला लागली आणि पत्र्यावर पोचा आला, असं समजा. स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमध्ये किती खोल पोचा चालतो याची मर्यादा असते. ती ओलांडली तर हकिकत निर्मात्या कंपनीच्या इंजिनिअरांकडे जाते, आणि हकिकतीबरोबर स्केच जातं. हजारो मैलांवर बसलेला माणूस तुमच्या त्या कागदावरून उपाय ठरवणार असतो.

स्केचला ड्रॉइंग बोर्ड लागत नाही, मिनी ड्राफ्टर लागत नाही. पेन्सिल, कागद, रबर. प्रमाणबद्ध मापाची सक्ती नाही, पण आकारांचं एकमेकांशी नातं खरं हवं. क्रम मात्र मोडू नये. आधी ठरवायचं की किती दृश्यं लागतील. मग पुसट रेषांनी त्यांच्या चौकटी आखून घ्यायच्या. आत तपशील भरायचा. खऱ्या कडा गडद करायच्या. मग मापरेषा आणि आकडे. शेवटी टिपा, शीर्षक, तारीख.

पोच्याचं समोरचं दृश्य काढताना नुसता लंबगोल पुरत नाही. तो कुठल्या दोन फ्रेमच्या आणि कुठल्या दोन स्ट्रिंगरच्या मध्ये आहे, जवळच्या रिव्हेटच्या ओळीपासून किती दूर आहे, हे हवं. विमानाला स्वतःचे पत्ते असतात : ठरलेल्या आरंभरेषेपासून किती इंच मागे ते फ्युजलाज स्टेशन, किती उंचीवर ती वॉटर लाइन, मध्यापासून किती डावी-उजवीकडे ती बटक लाइन. आणि कोपऱ्यात दोन बाण : पुढची बाजू कुठली, वर कुठलं. हे बाण नसतील तर उत्तम काढलेलं स्केचसुद्धा वाचणाऱ्याला वाट चुकवतं.

पण खरं काम आता येतं. त्या लंबगोलातून एक छेदरेषा काढा आणि शेजारी छेद दाखवा. पोच्यावर सरळ पट्टी धरून ठिकठिकाणी खोली मोजा आणि तो वक्र काढा. एक पोचा वाटीसारखा अलगद उतरत जाणारा असतो. दुसऱ्याच्या तळाशी तीक्ष्ण घडी असते. समोरून दोन्ही लंबगोल, लांबी-रुंदी तीच, सर्वांत खोल जागेचा आकडाही तोच असू शकतो. पण ज्या पत्र्यात घडी पडली आहे तिथून भेग निघण्याचा धोका असतो. हा फरक छेदातच उतरतो. बल्कहेडच्या त्या जोडाचं आणि साध्या पोच्याचं नातं इथे आहे : समोरून सारखं, आतून वेगळं.

डीजीसीएच्या एएमई परवान्याच्या अभ्यासक्रमात ड्रॉइंगचा पाठ सातव्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे मेंटेनन्स प्रॅक्टिसेसमध्ये, हत्यारं आणि रिव्हेटिंग यांच्या शेजारी ठेवला आहे. ती जागा मला अगदी योग्य वाटते. ड्रॉइंग ही हातोडी आणि ड्रिलइतकीच हाताची विद्या आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत. त्यांनी आपला हात गंजू दिला नसेल तर पहिली पायरी त्यांनी आधीच चढली आहे.

या आठवड्याचा सराव

घरातल्या दाराची एक बिजागरी निवडा. तिचं समोरचं दृश्य काढा. मग मधल्या खिळीतून छेदरेषा काढून छेद काढा. दोन पानं, खिळी, पानांच्या वळलेल्या कड्या, स्क्रू. शेजारशेजारच्या भागांमध्ये पांढरी फट सोडायला विसरू नका. झालं की पेन्सिल दारावर ठेवा आणि दाराचं वजन चौकटीपर्यंत कुठल्या वाटेने जातं ते काढा. वाट जिथे तुटेल तिथे थांबा आणि उठून बिजागरी पुन्हा पाहा. चूक कागदावर आहे की दारावर, हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

हानेदा विमानतळाजवळ जपान एअरलाइन्सने २००६ साली एक सुरक्षा केंद्र उघडलं. फुटलेल्या त्या बल्कहेडचे अवशेष तिथे जपून ठेवले आहेत. आत असलेला तो तुटका दुवा आता उघड्यावर आहे, कोणालाही दिसेल असा. तो उघड्यावर येण्याआधी दिसावा यासाठीच कागदावर छेद काढायचा असतो.

पुढच्या लेखांकात पार्ट्स कॅटलॉग. १९९० च्या जूनमध्ये इंग्लंडवरून उडणाऱ्या एका विमानाची कॉकपिटची काच निखळली. ती धरणाऱ्या ९० बोल्टपैकी ८४ कमी व्यासाचे होते, आणि नव्या बोल्टची निवड जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून झाली होती. योग्य क्रमांक कॅटलॉगमध्ये छापलेला होता. तो कसा शोधायचा, ते पुढच्या आठवड्यात.