चूक नेमकी कोणत्या ओळीत?

संगणकाचा प्रोग्रॅम माणूस एका भाषेत लिहितो आणि यंत्र तो दुसऱ्याच भाषेत राबवते. ‘सी’सारख्या भाषेतील मजकुराचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर करतो तो कंपायलर. या रूपांतरानंतर प्रोसेसरसमोर उरतात ते केवळ अंक. मूळ ओळींशी त्याला कर्तव्य नसते. मग उत्तर चुकले तर चूक कोणत्या ओळीत, हे शोधायचे कसे? त्यासाठीच ‘डीबगर’ हे साधन आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला ‘जीडीबी’ हा त्यांपैकी एक विख्यात डीबगर. कंपाइल करताना तशी सूचना दिली, की यंत्रसंकेतांसोबत एक नकाशाही तयार होतो. कोणता संकेत कोणत्या ओळीतून आला आणि कोणते चल स्मृतीत कोठे आहे, याची त्यात नोंद असते. त्याच्या आधारे हव्या त्या ओळीवर ‘ब्रेकपॉइंट’ ठेवता येतो. इंटेलच्या प्रोसेसरवर डीबगर त्या जागेच्या आज्ञेचा पहिला बाइट बाजूला काढून तेथे २०४ हा अंक ठेवतो. प्रोसेसर तेथे पोहोचला की थांबतो आणि ताबा डीबगरकडे येतो. मग ‘नेक्स्ट’ ही आज्ञा एक ओळ पुढे नेते, ‘स्टेप’ त्या ओळीतील फंक्शनच्या आत शिरते आणि ‘प्रिंट’ चलाची त्या क्षणाची किंमत दाखवते.

याचा उपयोग काय, हे एका प्रसिद्ध चुकीवरून कळते. क्रमवार यादीत शोध घेताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिची निम्मी करायची, की मधली जागा मिळते. वाचताना यात काहीच खटकत नाही. परंतु ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. टोके १५० कोटी आणि २०० कोटी असतील, तर बेरीज ३५० कोटी न दिसता बहुधा उणे ७९,४९,६७,२९६ दिसते! जॉन बेंटले यांच्या १९८६ सालच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात आणि ‘जावा’च्या लायब्ररीतही ही चूक होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ती निदर्शनास आणली. उपाय सोपा आहे: दोन टोकांतील अंतराची निम्मी करून ती खालच्या टोकात मिळवायची.

मात्र डीबगरलाही मर्यादा आहेत. कंपायलरने वेगासाठी संकेतांची फेरमांडणी केली असेल, तर ओळी मागेपुढे उड्या मारताना दिसतात आणि काही चलांच्या किमती मिळतच नाहीत. म्हणून तपासणीच्या वेळी ही फेरमांडणी सहसा बंद ठेवतात. शिवाय दहा नावांच्या यादीवर वरील चूक कितीही वेळा पावलापावलाने तपासली, तरी सापडणार नाही. आपण दिलेल्या माहितीवर प्रोग्रॅम काय करतो, एवढेच डीबगर दाखवतो. कोणती माहिती द्यायची, हा विचार अखेर माणसालाच करावा लागतो.