हप्ता बसतो, पण कर्ज?

चाकण एमआयडीसीत महिन्याच्या सात ते दहा तारखेदरम्यान मोबाईल सारखे वाजत असतात. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि हातातला चहा संपायच्या आत घरकर्ज, दुचाकी, मोबाईल, पर्सनल लोन असे हप्ते कापल्याचे मेसेज रांग लावतात. सोसायटीची, म्हणजे कामगार पतसंस्थेची, कपात तर पगारपत्रकातच होऊन गेलेली असते. उरलेल्या पैशांत निघोजे-महाळुंग्यातलं खोलीभाडं किंवा मोशी-चिखलीतल्या फ्लॅटचा मेंटेनन्स, किराणा, मुलांची फी आणि गावाकडे पाठवायची रक्कम बसवायची असते.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली आणि नंतर चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगनचे कारखाने उभे राहिले. या पट्ट्यात तीन पिढ्यांनी महिन्याच्या पगारावर संसार मांडले. पगार महिन्याचा, म्हणून कर्जाचं मापही महिन्याचंच झालं. 'किती घेतलं?' यापेक्षा 'हप्ता किती बसतो?' हा प्रश्न आधी येतो. कर्जफेडीबद्दलचे बरेचसे गैरसमज याच प्रश्नातून निघतात.

गैरसमज: हप्ता पगारात बसतो, म्हणजे कर्ज परवडतं.

वस्तुस्थिती: हप्ता छोटा दिसण्यामागे लांब मुदत असू शकते किंवा दर सांगण्याची चलाख पद्धत असू शकते. समजा, एक लाखाचं कर्ज तीन वर्षांसाठी 'दहा टक्के फ्लॅट' दरानं मिळतंय. फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज. मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी व्याजाचा आकडा हलत नाही. व्याज ३० हजार आणि हप्ता ३,६११ रुपये. हाच हप्ता घटत्या शिलकेच्या हिशेबात बसवला तर दर निघतो जवळपास १८ टक्के. दुसरीकडे कुणी 'घटत्या शिलकेवर १४ टक्के' म्हणालं तर कानाला ते महाग वाटतं, पण प्रत्यक्षात तेच स्वस्त पडतं.

ही गफलत टाळण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ मुदत कर्जासाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं. त्यात एपीआर, म्हणजे प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून होणारा वर्षाचा खरा दर, लिहावाच लागतो. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, त्यामुळे मराठीत मागायला संकोच नको. पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथं 'दर फ्लॅट की घटत्या शिलकेवर?' हे तोंडानंच विचारून घ्यावं लागतं.

गैरसमज: हप्ता पूर्वीइतकाच आहे, म्हणजे काही बदललेलं नाही.

वस्तुस्थिती: मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. बहुतेक घरकर्जं बदलत्या दराची असल्यामुळे त्यांचे दरही चढले. तरी अनेकांचा हप्ता तोच राहिला, कारण बँकांनी मुदत लांबवली.

आकडे मांडले की यातली गंमत, खरं तर चिंता, कळते. सात टक्क्यांनी २५ लाख, २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता १९,३८२ रुपये. समजा २४ लाख मुद्दल बाकी असताना दर साडेनऊ टक्के झाला. आता महिन्याचं नुसतं व्याजच १९ हजार. हप्ता बदलला नाही, तर मुद्दलात जातात फक्त ३८२ रुपये! या वेगानं ते कर्ज निवृत्तीनंतरही संपणार नाही.

म्हणूनच १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं नियम केला. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे कर्जदाराला विचारलं गेलं पाहिजे. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्यानं ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला. दर उतरताना हप्ता कमी करून घेतला तर महिन्याला थोडा श्वास मिळतो. हप्ता तोच ठेवला तर लांबलेली मुदत आटोक्यात येते. बँकेच्या अॅपमध्ये 'उर्वरित मुदत' हा आकडा वर्षातून दोनदा तरी पाहावा.

गैरसमज: बोनसच्या पंचवीस हजारांनी पंचवीस लाखांचं काय होणार?

वस्तुस्थिती: बरंच काही होतं. २५ लाख, ९ टक्के, २० वर्षं असा हिशेब धरला तर हप्ता २२,४९३ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २९ लाख. पहिल्या हप्त्यातले १८,७५० रुपये व्याजातच जातात. आता दर दिवाळीला बोनसमधले २५ हजार मुद्दलात भरले तर कर्ज सव्वासोळा वर्षांत संपतं. पावणेचार वर्षं वाचतात, आणि एकूण सव्वासहा लाख रुपये. वर्षाला २५ हजार जमत नसतील, तर दर महिन्याला दोन हजार जादा भरूनही जवळपास हाच परिणाम साधतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला दंडाचा. बदलत्या दराच्या घरकर्जावर, ते व्यवसायासाठी नसेल तर, व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. स्थिर दराच्या पर्सनल लोनला मात्र ते असू शकतं, त्यामुळे करार पाहावा. दुसरा आक्षेप करसवलतीचा. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती नाही, आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवीच प्रणाली. जिथं सवलत मिळते तिथंही शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये कर वाचला, तर खिशातून सत्तर गेलेच.

जादा रक्कम भरताना 'हप्ता तोच, मुदत कमी' असं अर्जावर लिहून द्यावं आणि ती रक्कम मुद्दलात वळती झाल्याचं खातेउताऱ्यावर तपासावं.

गैरसमज: सगळी कर्जं एकाच मोठ्या कर्जात टाकली की सुटलो.

वस्तुस्थिती: दर उतरतो हे खरं, पण मुदतही ताणली जाते. तीन लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांत फेडलं तर हप्ता १०,२५३ रुपये आणि व्याज सुमारे ६९ हजार. तेच घरकर्जावर टॉप-अप घेऊन ९ टक्क्यांनी १५ वर्षांवर नेलं, तर हप्ता ३,०४३ इतका हलका होतो आणि व्याज जातं जवळपास अडीच लाखांवर. मात्र टॉप-अप घेऊनही दर महिन्याला जुने १०,२५३ रुपयेच भरत राहिलं, तर तेहेतीस-चौतीस महिन्यांत मोकळं होता येतं आणि व्याज चाळीस हजारांच्या आसपास राहतं. म्हणजे दर उतरल्यावर हप्ताही उतरवायचा की नाही, यावर सगळं ठरतं.

एकत्र करायची नसतील तर आधी कोणतं फेडायचं? हिशेबाचं उत्तर सरळ आहे: ज्याचा दर सर्वांत जास्त, ते आधी. तिथं बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाचा नंबर लागतो. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. ६० हजार थकले असतील तर एका महिन्याचं व्याज आणि कर मिळून २,४७८ रुपये. 'किमान देय रक्कम' पाच टक्के, म्हणजे तीन हजार, भरली तर मुद्दल उतरतं जेमतेम ५२२ रुपयांनी. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. किमान रकमेनं विलंबशुल्क टळतं, कर्ज मात्र तिथंच राहतं.

गैरसमज: जामीन म्हणजे काय, नुसती सही तर करायची.

वस्तुस्थिती: एकाच लाइनवरच्या तिघांनी एकमेकांना जामीन राहणं ही कारखान्यातली जुनी रीत. 'तू मला, मी तुला.' पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून सगळे प्रयत्न करून मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधन देणाऱ्यावर नसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला वसुली दाखला मिळतो, तेव्हा त्यात जामीनदाराचं नावही येऊ शकतं. त्यामुळे घरखर्चाचा ताळेबंद मांडताना, ज्यांना जामीन राहिलो त्या रकमाही कोपऱ्यात लिहून ठेवाव्या लागतात. हप्ता नसला तरी ते देणं आहे, आणि ते घरात नवरा-बायको दोघांनाही ठाऊक असलेलं बरं.

गैरसमज: कर्ज असताना शिल्लक ठेवणं म्हणजे तोटा. असेल तेवढं सगळं भरून टाकावं.

वस्तुस्थिती: नुसत्या व्याजाच्या हिशेबानं हे बरोबर वाटतं. पण या पट्ट्यात पगार किती सहज थांबू शकतो, हे तळेगावनं पाहिलं आहे. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतातली गाड्यांची विक्री बंद केली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादनही थांबवलं. कामगारांचा लढा नंतर कितीतरी दिवस चालला. हप्ते त्यासाठी थांबत नसतात.

त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवण्याची सवलत मिळाली होती. अनेकांनी ती माफी समजली. ९ टक्क्यांच्या २५ लाखांवर सहा महिन्यांचं व्याज एक लाख पंधरा हजारांच्या जवळ जातं, आणि ते मुद्दलाला चिकटलं. पुढे चक्रवाढीचा भाग परत मिळाला, साधं व्याज मात्र भरावंच लागलं.

म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते इतकी रक्कम हाताशी ठेवूनच जादा फेड करावी. ओव्हरटाइमवर, म्हणजे ओटीवर, घरखर्च बेतलेला असेल तर ही गरज आणखी वाढते. कंपनीची ऑर्डर घटली की सगळ्यात आधी ओटी जातो. हप्त्याची बेरीज मूळ पगारात बसवावी आणि ओटी जादा फेडीला ठेवावा.

ही शिल्लक कुठं ठेवायची, हाही प्रश्न आहे. पिंपरीतल्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी रद्द केला. बँक असल्यामुळे ठेवीदारांना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला किंवा राहत्या इमारतीच्या आवारातल्या भिशीला हे कवच नसतं. भिशी शिस्त लावते, पण अडचणीच्या दिवशी नंबर आपलाच लागेल याची हमी देत नाही.

गैरसमज: 'पाच टक्क्यांनी' मिळतायत, बँकेपेक्षा स्वस्त!

वस्तुस्थिती: खासगी सावकाराचे पाच टक्के महिन्याचे असतात. म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला १५ आणि विनातारण कर्जावर १८ टक्क्यांपेक्षा जास्त दर घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करता येते. कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

बँक किंवा वित्त कंपनीच्या वसुली एजंटालाही मोकळं रान नाही. ऑगस्ट २०२२ च्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकावणं, नातेवाईक आणि मित्रांसमोर मानहानी करणं यालाही मनाई आहे.

गैरसमज: शेवटचा हप्ता गेला, कर्ज संपलं.

वस्तुस्थिती: पैसे संपले, कागद राहिले. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. 'ना देय' दाखला घ्यावा. सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत अहवाल मिळतो, त्यात खातं 'क्लोज्ड' दिसतंय का ते पाहावं. तडजोडीत काही रक्कम सोडवून घेतली असेल तर तिथं 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढचं कर्ज मागताना तो आडवा येतो.

खेड किंवा मावळातल्या शेतजमिनीवर कर्ज घेतलं असेल, तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असतो. फेड झाली म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला जोडून तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर 'बोजा कमी करणे' असा अर्ज करावा लागतो. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून तो रकाना कोरा झाल्याची खात्री करायची, आणि मग फाइल कपाटात.