गलगंड आणि मुलांचा आहार

काही मुलांच्या गळ्याच्या पुढील भागी सूज दिसते. गावात कोणी तिला दैवाचा भोग म्हणतो, तर कोणी पाण्याचा दोष. वर्गात मात्र अशा मुलास आपण ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाने शिक्षक असताना एका मुलीला तिच्या सुस्तीबद्दल वर्षभर बोल लावला. तिच्या गळ्याकडे प्रथम लक्ष गेले ते आरोग्य तपासणीस आलेल्या डॉक्टरांचे. तशी चूक इतरांच्या हातून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणाऱ्या रसाने शरीराची वाढ, उष्णता व मेंदूचा विकास यांचे नियमन होते. हा रस तयार होण्यास आयोडीन लागते. ते कमी पडले की ग्रंथी अधिक श्रम करू लागते आणि आकाराने वाढते. आयोडीनच्या अभावी होणारा गलगंड तो हाच.

शालेय वयाच्या मुलास रोज सुमारे १२० मायक्रोग्रॅम, प्रौढास १५० आणि गर्भवतीस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. सबंध आयुष्याची गरज चहाच्या चमचाभर! परंतु पावसाने व पुराने जेथील मातीतील आयोडीन वाहून जाते, तेथील धान्यभाजीतही ते उतरत नाही. समुद्रातील मासळीत ते चांगले असते. पण ती सर्वांच्या ताटात कोठून येणार?

यावरील उपाय कांगडा खोऱ्यात सिद्ध झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथील काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ पुरविले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या मुलांतील गलगंड स्पष्टपणे घटला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

कोबी, फुलकोबी, सलगम व बाजरी यांत आयोडीनच्या कार्यास अडथळा आणणारी द्रव्ये असतात. म्हणून भाकरी सोडावी असे मात्र नव्हे. आयोडीन पुरेसे मिळत असेल आणि आहार मिश्र असेल, तर भयाचे कारण नाही. कोबीवर्गीय भाज्या शिजविल्याने त्यांचा हा दोष पुष्कळ कमी होतो.

शिक्षकांनी पुढील गोष्टी पालकांस समजावून द्याव्यात :

१. आयोडीनयुक्त मीठच घ्यावे. घरी पोहोचलेल्या मिठात दर किलोस किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण ठरले आहे.

२. मीठ धुऊ नये. ते झाकणाच्या बरणीत, चुलीपासून व ओलीपासून दूर ठेवावे. स्वयंपाकात शक्यतो शेवटी घालावे.

३. मीठ अधिक खावे, असा याचा अर्थ नाही. योग्य मीठ बेताने खावे.

४. प्रत्येक सूज आयोडीनच्या उणिवेचीच असते असे नाही. अतिरेकही घातक ठरतो. म्हणून घरगुती औषध न देता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

गर्भावस्थेत मेंदूची झालेली हानी पुढे भरून निघत नाही. यास्तव हा विषय माता-पालक सभेत आवर्जून मांडावा. आणि एखादे मूल सुस्त दिसले, तर छडीकडे हात जाण्यापूर्वी त्याच्या गळ्याकडे दृष्टी जावी.